प्रश्न विचारल्यानंतरची पाच सेकंदं

बी.एड.च्या पहिल्या वर्षी आम्हाला एक प्रात्यक्षिक होतं : ‘माझे शैक्षणिक तत्त्वज्ञान’. पाच पानं, स्वहस्ताक्षरात, समास आखून. मी ते होस्टेलच्या खोलीत एका रात्रीत उरकलं. रूसोचा निसर्गवाद, ड्यूईचा कार्यवाद, टागोरांची झाडाखालची शाळा, गांधीजींची नयी तालीम, आणि शेवटी ‘विद्यार्थी हा शिक्षणप्रक्रियेचा केंद्रबिंदू आहे’ हे वाक्य लाल शाईने अधोरेखित. शेजारच्या कॉटवरच्या मैत्रिणीनेही तेच गाइड वापरलं होतं, फक्त तिने ड्यूई आधी घेतला. दोघींना दहापैकी नऊ मिळाले.

नऊ मिळाल्यावर तक्रार कोण करतं? पण मी आले होते मराठीची शिक्षिका व्हायला, आणि त्या पाच पानांत मराठी हा शब्द एकदाही आला नव्हता. आता दुसरं वर्ष संपत आलंय, छात्रसेवाकाल, म्हणजे खऱ्या शाळेत जाऊन शिकवायचा काळ, पार पडलाय, वार्षिक पाठ, म्हणजे परीक्षकांसमोर शिकवून दाखवायची परीक्षा, तोंडावर आलाय. तेव्हा जे लिहायला हवं होतं ते आता लिहून बघते. यात रूसो नाही. एक गाय आहे.

माझं गाव अमळनेर तालुक्यात. घरात अहिराणी. ज्यांनी ती ऐकली नसेल त्यांच्यासाठी सांगते : आमच्याकडे ‘मला’चं ‘माले’ होतं, ‘आहे’चं ‘शे’, ‘का’चं ‘काबर’, आणि ‘ळ’ जवळजवळ नाहीच. त्याच्या जागी ‘य’. डोळा म्हणजे डोया, केळी म्हणजे केयी, काळा म्हणजे काया. ही बोली की भाषा, यावर खानदेशात कुठल्याही चहाच्या टपरीवर तासभर वाद होऊ शकतो. भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रिअर्सनने १९०७ मध्ये खानदेशीला, म्हणजे आमच्या अहिराणीलाही, भिल्ली भाषांच्या खंडात टाकलं होतं, आणि २०११च्या जनगणनेतही ती मराठीत न मोजता वेगळी मोजली आहे, साडेअठरा लाखांहून जास्त लोकांची मातृभाषा म्हणून. मला यातलं काही बी.ए. होईपर्यंत माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की घरी बोलते ते शाळेत चालत नाही.

तिसरीत आम्हाला पुण्याकडून बदली होऊन आलेल्या बाई होत्या. मनाने चांगल्या, पण आमचा ‘य’ त्यांच्या कानाला टोचायचा. “केयी नाही, केळी. डोया नाही, डोळा. जीभ मागे वळव आणि म्हण.” आम्ही जिभा वळवून म्हणायचो. असं दोन-तीन महिने चाललं, आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घरी जिथे ‘य’ तिथे शाळेत ‘ळ’! इतकं सोपं होतं तर आधीच सांगायचं ना.

थोड्याच दिवसांत बाईंनी मला गायीवर पाच वाक्यं बोलायला उभं केलं. मी हात मागे बांधून, मान ताठ करून सुरुवात केली : “गाळ आपल्याला दूध देते. गाळीला चार पाळ असतात.”

वर्ग फुटला. हसणाऱ्यांतले निम्मे स्वतः ‘केयी’ म्हणणारे होते, तेच जास्त मोठ्याने हसले. बाईही हसल्या. खरं सांगायचं तर आज माझ्यासमोर कुणी ‘गाळीला चार पाळ’ म्हटलं तर मीसुद्धा हसेन, मग जीभ चावेन. भाषाशास्त्राच्या पुस्तकात याला अतिशुद्धीकरण म्हणतात हे पुढे बी.ए.ला वाचलं. परीक्षेत त्यावर टीप आली तेव्हा मी उदाहरण शोधायला कुठे गेले नाही.

त्या दिवसानंतर माझ्या डोक्यात एक चाळण बसली. तोंडातून बाहेर पडायच्या आधी प्रत्येक शब्द तिच्यातून जायचा. हा घरचा की शाळेचा? यातला ‘य’ खरा की खोटा? ‘पाय’ तसाच ठेवायचा की बदलायचा? तपासून होईपर्यंत पहिल्या बाकावरच्या कुणीतरी उत्तर देऊन टाकलेलं असायचं. त्या वर्षीच्या प्रगतिपुस्तकात शेरा आहे : ‘मुलगी शांत आहे. उत्तरे देण्यात मंद.’ आईने ते प्रगतिपुस्तक जपून ठेवलंय. शांत आहे हे तिला कौतुकाचं वाटलं होतं.

उत्तर मला बहुतेक वेळा येत असे. उशीर व्हायचा तो शब्द बदलण्यात. हे एवढं साधं वाक्य मला वयाच्या पंचविशीपर्यंत नीट सांगता आलं नाही, आणि माझं जे काही शैक्षणिक तत्त्वज्ञान असेल ते बहुधा एवढ्यावरच उभं आहे.

आठवीला तालुक्याच्या शाळेत आले. तिथे मराठीला एक सर होते, निवृत्तीला टेकलेले. त्यांची एक सवय होती. प्रश्न विचारला की चष्मा काढायचा, खिशातून रुमाल काढायचा, आधी डावी काच पुसायची, मग उजवी, उजेडाकडे धरून बघायचं, परत पुसायचं. आम्ही त्यांची नक्कल करायचो. “सरांच्या चष्म्यावर एवढी धूळ येते कुठून?” असं म्हणून खिदळायचो. पण त्यांच्या तासाला मी बोलायचे. मीच काय, माझ्याहून गप्प मुली बोलायच्या. सर फार प्रेमळ आहेत म्हणून असेल, असं तेव्हा वाटायचं. तसे ते प्रेमळ नव्हते, वही विसरली तर चांगले फटकारायचे. चष्मा पुसून होईपर्यंत आमचे शब्द बदलून व्हायचे, एवढंच. त्यांना हे कळून ते करत होते की खरंच चष्मा मळत होता, हे विचारायचं राहून गेलं. ते आता नाहीत.

बी.ए.नंतर दोन वर्षं घरी पैसे हवे होते म्हणून एका ई-सेवा केंद्रावर काम केलं. उत्पन्नाचा दाखला, रहिवास, नॉन क्रीमिलेअर, पीक विम्याचे अर्ज. भाषा शिकवणाऱ्याला दोन वर्षं अशा ठिकाणी बसवावं असं माझं ठाम मत झालंय. सत्तर वर्षांचा माणूस कचेरीतून परत यायचा, हातात कागदांची पिशवी. काय काम आहे ते तिथे त्याला सांगता आलेलं नसायचं. खिडकीमागचा माणूस म्हणालेला असायचा, नीट बोला, काय पाहिजे ते एका वाक्यात सांगा. मी विचारायचे, “काय व्हयनं, बाबा?” की दोन मिनिटांत सगळी हकीकत बाहेर. सातबाऱ्यावर भावाचं नाव राहिलंय, वारस लागलेला नाही, तलाठ्याने तहसीलला जायला सांगितलंय. काय हवंय ते बाबांना पक्कं ठाऊक असायचं. ‘वारस नोंद होणेबाबत’ हे तीन शब्द तेवढे त्यांच्याकडे नसायचे.

म्हणून मला ते ‘मुलांना फक्त त्यांच्या बोलीतच राहू द्या, प्रमाण भाषा लादू नका’ असं म्हणणारेही पटत नाहीत. असं म्हणणाऱ्यांना स्वतःला अर्ज लिहिता येतो. माझ्या वर्गातल्या पोराला ‘होणेबाबत’ यायलाच हवं. ऱ्हस्व-दीर्घही यायला हवं, कारण उद्या त्याचा अर्ज वाचणारा माणूस पहिल्यांदा तेच बघणार आहे. पण तिथपर्यंत जायचा रस्ता ‘काय व्हयनं, बाबा?’ याच्यावरून जातो, हे मी त्या खुर्चीत बसून शिकले.

त्याच नोकरीत असताना, फेब्रुवारी २०२४ मध्ये, अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. एक दिवस सुट्टी काढून गेले. मंडपात व्याख्यानं चाललेली, सगळी खणखणीत प्रमाण मराठीत. बाहेर चहाच्या गाड्यावर तीच खानदेशातली माणसं भाषण कसं झालं ते एकमेकांना अहिराणीत सांगत होती. आतल्यापेक्षा बाहेरचं समीक्षण जास्त धारदार होतं. पुस्तकांच्या दोन पिशव्या घेऊन घरी आले आणि त्याच आठवड्यात बी.एड.च्या प्रवेश परीक्षेचा, सीईटीचा, विचार पक्का केला.

सीईटी, कॅप राउंड, कागदपत्रं पडताळणी हे सगळं ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, ज्यांनी केलेलं नाही त्यांनी सुखात राहावं. माझी पदवी ज्या विद्यापीठाची असेल त्याच्या नावात बहिणाबाई चौधरी आहेत. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि ज्या ‘डोये’ म्हणायच्या, त्यांच्या नावाने आम्हाला ‘शुद्धलेखन अध्यापन’ या घटकाचे गुण मिळतात. प्रवेशाच्या दिवशी हे लक्षात आलं आणि रांगेत उभ्या उभ्या मला उगाचच बरं वाटलं.

पहिल्या सत्रात सूक्ष्म अध्यापन असतं. एकेक कौशल्य सुटं करून शिकवायचं : प्रश्न कौशल्य, फलकलेखन कौशल्य, चेतक बदल (आवाज, हालचाली बदलत राहणं), प्रबलन (शाबासकी देणं). सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते ऐकून घेणं), बारा मिनिटांत पुन्हा नियोजन, सहा मिनिटं पुन्हा पाठ, सहा मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. छत्तीस मिनिटांचं चक्र. समोर विद्यार्थी म्हणून आपलेच दहा मित्रमैत्रिणी. एक दोन मुलांचा बाप, एक पोलीस भरतीची तयारी करणारा, आणि हे सगळे सातवीतले असल्यासारखं तोंड करून “मॅडम, मी सांगू?” म्हणतात. हसू आवरून सहा मिनिटं काढणं हेच खरं कौशल्य.

प्रश्न कौशल्याच्या पाठाला मी सहा मिनिटांत सोळा प्रश्न विचारले. निरीक्षण तक्त्यावर प्रत्येक प्रश्नाला एक खूण करायची असते. माझा तक्ता खुणांनी भरला. सगळ्यांनी वाहवा केली. समोर पदवीधर बसले होते, त्यांना ‘मराठी वर्णमालेत स्वर कोणते?’ याचं उत्तर द्यायला किती वेळ लागणार? प्रश्न, उत्तर, शाब्बास. प्रश्न, उत्तर, शाब्बास. आपण जन्मजात शिक्षिका आहोत असं मला दोन दिवस वाटत होतं.

दुसऱ्या वर्षी शाळा मिळाली. सहावीचा वर्ग, पट बासष्ट, पस्तीस मिनिटांची तासिका. मुलं आम्हाला ‘बी.एड.वाल्या मॅडम’ म्हणायची. पहिल्या आठवड्यात मी जोरात होते. विषयप्रवेश झाला, हेतुकथन झालं, आदर्श वाचन झालं, मग प्रश्नांचा भडिमार. हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पाठाच्या ठरलेल्या पाच पायऱ्या, तंतोतंत. पाच-सहा हात सतत वर, वर्ग जिवंत, टाचणात आखलेला पाठ वेळेत पूर्ण. मागे बसून पाठ तपासणाऱ्या आमच्या कॉलेजच्या मॅडमनी ‘उत्तम गती’ असा शेरा दिला.

चिंतन दैनंदिनीत काहीतरी नवं लिहायचं म्हणून एका तासाला मी मोबाइल टेबलावर रेकॉर्डिंगला लावून ठेवला. रात्री कॉटवर पडून कानात घालून ऐकलं. स्वतःचा आवाज ऐकणं ही शिक्षाच असते, पण ती पहिल्या पाच मिनिटांत सरावाची होते. मग जे ऐकू यायला लागलं ते वाईट होतं. मी प्रश्न विचारत होते आणि श्वास घ्यायच्या आत दुसऱ्या शब्दांत तोच प्रश्न पुन्हा विचारत होते. मग ‘बरं, मी सांगते’ म्हणत होते. उठले, मोबाइलवरचं स्टॉपवॉच काढलं, मैत्रिणीचा मोबाइल घेतला आणि मोजायला बसले. एका तासात एक्केचाळीस प्रश्न. त्यातल्या चौदांची उत्तरं मीच दिलेली. उरलेली त्याच सहा मुलांनी. आणि प्रश्न संपल्यापासून मी पुन्हा बोलायला लागेपर्यंतचा वेळ बहुतेक ठिकाणी स्टॉपवॉच दाबायच्या आत संपत होता.

बासष्ट वजा सहा म्हणजे छप्पन्न. त्यांतल्या कितीजणांच्या डोक्यात ती चाळण चालू असेल? मी ‘उत्तम गती’ने त्यांच्यावरून गाडी नेत होते. माझ्या तिसरीच्या बाईंनी निदान जीभ मागे वळवायला तरी वेळ दिला होता.

ग्रंथालयात शोधल्यावर कळलं की हे मोजणारी मी पहिली नाही. मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांची शेकडो ध्वनिमुद्रणं ऐकली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात असं त्यांना आढळलं. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर मुलांची उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलायला लागतात. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली जी मला जास्त आवडली : थांबायच्या जागा दोन आहेत. एक प्रश्न विचारल्यावर आणि दुसरी मुलाचं उत्तर आल्यावर. आपण दुसऱ्या जागी ‘शाब्बास’ घालून दार लावून टाकतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी थांबले. पाच सेकंदं मोजायची ठरवलं होतं. वाचायला सोपं वाटतं, पण बासष्ट मुलं तुमच्याकडे बघत असताना तिसऱ्या सेकंदाला घशात काहीतरी अडकतं. आपण विसरलोय असं त्यांना वाटेल, गोंधळ होईल, मॅडम मागून बघतायत. माझ्याकडे चष्मा नव्हता. मी डस्टर उचललं आणि आधीच स्वच्छ असलेला फळा पुसला.

उतारा नदीवर होता. प्रश्न होता : ‘उन्हाळ्यात नद्या कोरड्या का पडतात?’ टाचणात अपेक्षित उत्तर लिहिलेलं होतं, पाऊस कमी पडल्यामुळे. नेहमीचे सहा हात लगेच वर आले. मी कुणालाच उठवलं नाही. फळा पुसून वळले तर तिसऱ्या रांगेतल्या, पंधरा दिवसांत एकदाही न बोललेल्या मुलाचा हात अर्धा वर होता, खांद्यापर्यंत, खाजवतोय की वर करतोय कळू नये असा. मी त्याला खुणावलं.

“पानी कमी पडस,” तो म्हणाला. अपेक्षित उत्तर. माझ्या तोंडात ‘शाब्बास’ आलं होतं. ते गिळलं आणि नुसती बघत राहिले. वर्ग शांत. तो खाली बसायला लागला, मग परत ताठ झाला.

“आनि रेती लई गयात, मॅडम. ट्रॅक्टर भरी भरी. रेती नही, मंग पानी थांबस कसं?”

मला खरंच काही सुचेना. वाळूचा थर पाणी धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो, ती उपसली की नदीचं पात्र नुसतं गटार होतं, हे मला बी.ए.ला भूगोलात आलं होतं. त्याने ते स्वतःच्या नदीत बघितलं होतं. उताऱ्याच्या लेखकाला ते सुचलं नव्हतं आणि माझ्या टाचणाला तर नाहीच.

मी त्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहिलं. कुणीतरी खुदकन हसलं, पण फळ्यावर चढलेल्या वाक्याला फार वेळ हसता येत नाही. मग विचारलं, हेच वर्तमानपत्रात छापायचं असेल तर कसं लिहाल? पुन्हा डस्टर. या वेळी वर्ग आपसात कुजबुजायला लागला आणि मी कुजबुजू दिलं. कुणाला ‘उपसा’ हा शब्द माहीत होता, कुणी ‘मुळे’ जोडलं, कुणी ‘साठत’ की ‘थांबत’ यावर भांडलं. शेवटी पहिल्या वाक्याखाली दुसरं आलं : ‘वाळूच्या उपशामुळे नदीत पाणी साठत नाही.’ दोन्ही वाक्यं तास संपेपर्यंत फळ्यावर होती. बाकीचे अकरा प्रश्न राहून गेले.

त्या पाठाचा शेरा : ‘वर्गात वारंवार शांतता. अध्यापनात गती हवी. फलकावर अशुद्ध वाक्य लिहिणे टाळावे.’

संध्याकाळी मी मॅडमना भेटले. वाद घालायची तयारी करूनच गेले होते, पण त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे हिशोब मांडला. पस्तीस मिनिटांतली पाच हजेरीत जातात. बासष्ट मुलं. सत्रात इतके पाठ, इतक्या कविता, इतक्या चाचण्या. “तू इथे पाहुणी आहेस, तुझे अकरा प्रश्न राहिले तर ते वर्गशिक्षक भरून काढतील. तुझ्या स्वतःच्या वर्गात कोण भरून काढेल?” याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. मी प्रश्न कमी केले, एवढंच. एक्केचाळीसवरून बारा-पंधरावर आले. ‘कवीचे नाव काय?’ छापाचे गेले. ते वाचून कळतंच.

आणि थांबणं नेहमी गोडच असतं असंही नाही. पुढच्याच आठवड्यात एका मुलीला नाव घेऊन उठवलं, प्रश्न विचारला आणि मोठ्या श्रद्धेने थांबले. तिला उत्तर येत नव्हतं. पाच सेकंदं, सात सेकंदं, सगळा वर्ग तिच्याकडे वळून बघतोय, आणि मी चेहऱ्यावर प्रोत्साहनाचं हसू घेऊन उभी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, “काबर रडस?” तर ती आणखीच रडायला लागली, बहुधा मॅडम अहिराणीत बोलल्या म्हणून. त्या रात्री दैनंदिनीत लिहिलं की मी मराठी शिकवत नाहीये, मुलांना उन्हात उभं करतेय.

प्रश्न कौशल्याच्या पुस्तकात लिहिलेलंच असतं : प्रश्न आधी संपूर्ण वर्गाला, नाव नंतर. परीक्षेसाठी मी ते पाठ केलं होतं. त्याचा अर्थ त्या मुलीने शिकवला. नाव घेऊन थांबलं की ती उलटतपासणी होते. नाव न घेता थांबलं की तो वेळ बासष्ट जणांचा असतो. त्यानंतर मी आणखी एक जोड दिली. अवघड प्रश्न असेल तर आधी बाकावरच्या शेजाऱ्याला सांगायचं, कुठल्याही भाषेत, मग हात वर करायचा. शेजाऱ्याला सांगताना चाळण लागत नाही.

अमळनेरकडच्या माणसाने शिक्षक व्हायचं म्हटलं की कुणीतरी साने गुरुजींचं नाव घेतंच. १९२४ ते १९३० ते आमच्या प्रताप हायस्कुलात होते. लहानपणापासून शिक्षकदिनाच्या भाषणांत त्यांचं मऊ काळीज आणि अश्रू इतके ऐकले की मला त्यांचा जरा कंटाळाच आला होता. पण ते वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढायचे, ही गोष्ट आता वेगळी दिसायला लागली. दैनिक! रोज हाताने लिहायचं म्हणजे रोज मुलांचं बोलणं कानावर पडू द्यावं लागत असणार, नाहीतर लिहिणार काय?

माझ्याने दैनिक झालं नसतं. मी वर्गाच्या मागच्या भिंतीवर एक मोठा ड्रॉइंग पेपर लावला, मधोमध रेघ मारली, डावीकडे ‘घरचा शब्द’, उजवीकडे ‘शाळेचा शब्द’. ज्याला जो सुचेल तो त्याने येता-जाता लिहायचा. ‘आंडोर – मुलगा’, ‘तठे – तिथे’, ‘शे – आहे’, ‘डोया – डोळा’. दोन दिवसांत कागद भरला, दुसरा लावला. वर्गात तीन-चार मुलं पावरी ही आदिवासी बोली बोलणारी होती, त्यांनी स्वतःच तिसरा रकाना आखून घेतला. मला त्यातला एकही शब्द येत नव्हता, तेव्हा तो रकाना तपासायचं काम त्यांचंच. एवढे खूश झालेले मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या कॉलेजात फलक, रांगोळ्या, शपथ असं सगळं झालं होतं. मला तो सोहळा आवडलाही होता. पण भाषेचा उत्सव म्हणून आठवतो तो मला हा चिकटपट्टीने लावलेला, एका कोपऱ्यातून फाटलेला कागद.

छात्रसेवाकालाच्या शेवटच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत एक मुलगी त्या कागदापुढे स्केचपेन घेऊन उभी होती. तिने डावीकडे ‘गाय’ लिहिलं होतं. उजवीकडे पेन टेकवून ती थांबली होती. मी दारातून बघत होते. ती पुटपुटत होती, “केयी – केळी, डोया – डोळा, गाय...” आणि पुढे जात नव्हती.

माझ्या पोटात गोळा आला. एका पावलात जाऊन सांगावंसं वाटलं. पण नाही गेले. पाच सेकंदं कधीच होऊन गेली असतील. तिने मागे वळून पाहिलं, मी आहे हे बघितलं, आणि विचारलं, “मॅडम, काही शब्द दोन्हीकडे सारखेच राहतात का?”

“तुला काय वाटतं?” मी म्हटलं.

तिने उजवीकडे ‘गाय’ लिहिलं. मग त्याखाली, न विचारता, ‘पाय’ आणि ‘पाय’.

आता पुढचं. टीईटी या शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर, मग टेट ही भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलवरची शिक्षकभरती. टेटमध्ये दोनशे प्रश्न एकशेवीस मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला छत्तीस सेकंदं. रोज पहाटे स्टॉपवॉच लावून सराव करते. त्याच स्टॉपवॉचवर मी माझी घाई मोजली होती, त्यामुळे ते बघितलं की कधी कधी हसू येतं. नोकरी कधी लागेल, कुठे लागेल, मराठीच शिकवायला मिळेल का, काही सांगता येत नाही.

सध्या वार्षिक पाठाची धास्ती आहे. बाहेरून परीक्षक येतात. टाचण आधी आमच्या मॅडमकडून तपासून घ्यावं लागतं. त्यात दोन रकाने असतात, शिक्षक कृती आणि विद्यार्थी कृती. मुख्य प्रश्नापुढे, शिक्षक कृतीत, मी लिहिलं होतं : ‘थांबते – ५ सेकंद.’ आणि विद्यार्थी कृतीत : ‘विचार करतात.’

मॅडमचं लाल पेन तिथे येऊन थांबलं. “शांतता पण टाचणात लिहितात का गं?”

मी काही बोलले नाही. त्यांनी ‘५’भोवती गोल केला, थोडा वेळ पेन तसंच धरलं, आणि पान उलटलं.

“लिहिलंयस पाच, तर पाचच थांब,” त्या म्हणाल्या. “परीक्षकांच्या हाताला घड्याळ असतं.”